बिनबोंबलाचा वाफा

आमच्याकडे थंडी नाकाला कळते. अंगाला कळण्याइतकी ती पडतच नाही. दिवाळी होऊन जाते, पंखे चालूच असतात, आणि एका सकाळी विहिरीवरचा पंप सुरू करायला जावं तर वारा फिरलेला असतो. पालीच्या कोळीवाड्याच्या बाजूने बोंबलाचा वास येतो. ओल्या मासळीचा नव्हे. बांबूंच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेल्या, अर्धवट सुकलेल्या बोंबलाचा. ज्यांना तो आवडत नाही त्यांना मी पटवायला जात नाही. लग्न होऊन आले तेव्हा मलाही आवडला नव्हता. आता तो आला की मी कामाला लागते. पाट साफ करायचे, वाफे ओढायचे, पालकाचं बी भिजत घालायचं. आणि लाल चिंधी बांधलेली एक कुदळ आहे, ती खिळ्यावरून उतरवून वेगळी ठेवायची.

त्या कुदळीमुळे मला दर थंडीत तोच एक हंगाम आठवतो. दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं होती ती. तिकडे भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये इमारतीमागून इमारती उठत होत्या, मीरा रोडला तर रस्ता ओलांडायची चोरी झाली होती. आमच्या बाजूला मात्र अजून सकाळी खंड्याचा आवाज ऐकू यायचा आणि रिक्षावाले ‘उत्तन’ म्हटलं की परतीचं भाडं मिळत नाही म्हणून मान हलवायचे.

माझं माहेर अलिबागकडचं, पण वाढले मी भांडुपला. शेती म्हणजे डालड्याच्या डब्यातली तुळस, एवढंच ठाऊक. नोकरी करत होते ती कंपनी दुसऱ्या राज्यात गेली, मी गेले नाही. रिकामं बसायची सवय नव्हती, म्हणून शेतावर जायला लागले. शेत म्हणजे काय, डोंगराच्या पायथ्याशी असलेले थोडे तुकडे, एक विहीर, आणि आबा. आबा म्हणजे माझे सासरे. समुद्र इतका जवळ असून विहिरीचं पाणी गोडं होतं, आणि याचं श्रेय आबा स्वतःकडे घ्यायचे. पावसाळ्यात भात, थंडीत भाजी. वांगी, मुळे, पालक, माठ, मेथी, मांडवावर दुधी. रासायनिक खत त्यांनी आयुष्यात आणलं नाही. त्यामागे काही विचार वगैरे नव्हता. त्यांच्या मते त्या पांढऱ्या दाण्यांना वासच नव्हता, आणि ज्याला वास नाही ते जमिनीला कळणार कसं?

त्यांचं खत पालीहून यायचं. फिलोमावशी म्हणून एक कोळीण होती, आबांपेक्षा थोडी लहान, आवाजाने बरीच मोठी. तिच्या वलांडीखाली पडलेला बोंबलाचा चुरा, मोडकी मासळी, डोकी असं सगळं ती पोत्यात भरून ठेवायची. मीठ लावलेली मासळी त्यात चालायची नाही, रोप करपतं. बोंबील नुसता उन्हावर वाळतो, म्हणून बोंबीलच हवा. आबा पोत्यात हात घालून चिमूटभर चुरा जिभेवर ठेवायचे.

“काय रे, खत हाय का चकना?” फिलोमावशी ओरडायची.

“तुझा भरवसा न्हाय. मागच्या टायमाला खारवलेलं घातलंस.”

“घातलं तर घातलं! वांगी न्हाय का झाली?”

मग ते पोतं शेणात आणि राखेत मुरत पडायचं. त्या दिवसांत आमच्या घरी पाहुणे कमी यायचे.

पण वांगी अशी व्हायची की बास. लहान, काळीभोर, देठाला काटे. तव्यावर टाकली की त्यांना स्वतःचंच पाणी सुटायचं. मुळा इतका कोवळा की विळीऐवजी हाताने मोडावा. मी कोणत्याही गोष्टीचं कौतुक करत बसणारी बाई नाही, पण पहाटे ओल्या पालकात हात घातला की बोटांना जो गारवा लागतो, तो मला अजून कुठे मिळालेला नाही. कंपनीच्या एसीत तर नाहीच.

ही भाजी तेव्हा भाईंदरच्या एका दलालाकडे जायची. तो पाटीकडे न बघता भाव सांगायचा. मी म्हटलं, आपणच विकू. शेजाऱ्याचा तीनचाकी टेम्पो ठरवला आणि आठवड्यातून दोनदा इंद्रलोकमधल्या एका सोसायटीच्या फाटकाशी जाऊन बसायला लागले. तिथे हंसाबेन भेटल्या. तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, माझ्याच वयाच्या, बोलण्यात हिंदी-गुजराती-मराठीचा मिसळीसारखा प्रकार. घरात कांदा-लसूणसुद्धा नाही इतकं कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी वांग्याला नख लावून पाहिलं आणि विचारलं, “ऑर्गॅनिक छे?”

मी म्हटलं, म्हणजे काय? त्यांनी सांगितलं, दवाई नाही, केमिकल खाद नाही. मी म्हटलं, मग आहे.

घरी येऊन आबांना हा शब्द सांगितला. ते विडी विझवून म्हणाले, “आमी काय टाकत न्हाय त्याला पन नाव हाय?”

त्या नावाने फरक पडला. हंसाबेनने पूर्ण इमारतीला सांगितलं, तिथून शेजारच्या इमारतीत गेलं. दलाल रुसला आणि आमचा माल घेणार नाही म्हणाला. मी म्हटलं, नको घेऊस. त्या हंगामात आम्ही भाताचे दोन्ही तुकडे भाजीखाली आणले, फक्त इंद्रलोकच्या भरवशावर.

माझा नवरा विलास स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्याला हे सगळं धाडसाचं वाटत होतं. त्यात रस्त्याला लागून असलेल्या जागांना मागणी आली होती. लग्नाचे लॉन निघत होते. एक सफारीवाला गृहस्थ दर रविवारी यायचा, विहिरीच्या काठाला हात लावून म्हणायचा, “इथे स्टेज मस्त येईल.” शेत भाड्याने द्या, वर्षाला ठरलेली रक्कम, डोक्याला ताप नाही. विलासने आबांच्या समोर सरळ सांगितलं, “होळीपर्यंत बघू. भाजीने घर चाललं तर चाललं, नाहीतर लॉन.” त्या दिवशी आबांनी मुळ्याच्या वाफ्याला दोनदा पाणी दिलं.

मुळ्याला दोनदा पाणी लागत नाही, हे मलासुद्धा तोवर कळायला लागलं होतं.

डिसेंबरात हंसाबेन म्हणाल्या, आम्हाला तुमचं खेत बघायचंय. चारपाच जणी रविवारी आल्या. चांगल्या साड्या, पायात चप्पल, हातात फरसाणचा डबा. आदल्या रात्री विलासने आबांना बजावलं होतं, “पाण्याचं बोला, बियाण्याचं बोला. खताचं काढू नका.”

“मला काय पडलंय,” आबा म्हणाले होते.

आणि खरंच त्यांनी काही काढलं नाही. बायका मांडवाखाली फिरल्या, दुधीला हात लावून बघितला, एकीने मुळा उपटून तिथेच खाल्ला. हंसाबेनने वांग्याच्या रोपाशी बसून एक वांगं तोडलं, तळहातावर धरलं आणि मनापासून म्हणाल्या, “दादाजी, सच्ची बोलूं? ऐसा मीठा बैंगन मैंने गाँव में भी नहीं खाया. इसमें आप डालते क्या हो?”

साठ वर्षं शेती केलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विलासने नाही, दलालाने नाही, मी तर नाहीच. आबांचं तोंड उजळलं. “मच्छी!” ते म्हणाले. “बोंबील डालताय आमी. सुक्का. एकदम फस्ट क्लास. तुमी बोलता ना मिठास, वो बोंबील का मिठास हाय.”

मला आठवतंय, पंप चालू होता आणि त्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. हंसाबेनने हातातलं वांगं रोपाच्या बुंध्याशी अलगद ठेवलं. फेकलं नाही. मुळा खाल्लेली बाई पदराने तोंड पुसत होती. सगळ्याजणी विहिरीवर गेल्या, हात धुतले, चुळा भरल्या. जाताना हंसाबेन मला म्हणाल्या, “सुनंदाबेन, बुरा मत मानना.” फरसाणचा डबा त्यांनी तिथेच ठेवला.

माझ्या डोक्यात हे पहिल्याच दिवशी का आलं नाही, असं विलासने विचारलं. मी सांगितलं, त्यांनी औषधाचं विचारलं, मी औषधाचं सांगितलं. मासळी मातीत गेली की माती होते, असं मला वाटत होतं आणि वाटतं. पण माझ्या वाटण्याने दुसऱ्याच्या घरातलं ताट ठरत नाही, एवढंही मला कळत होतं.

आबा मात्र चिडले होते. एक वांगं चिरून त्याच्या दोन फाका विलाससमोर धरल्या. “दाखव. कुठं हाय म्हावरं?”

“आबा, तुम्ही बोललात कशाला?”

“तिने विचारलं! मी काय खोटं सांगू?”

“गप्प बसायचं.”

“एवढं चांगलं विचारलं तिने, गप कसा बसू?”

पुढच्या खेपेला फाटकाशी फक्त सोसायटीचा वॉचमन आला आणि त्याने कोथिंबीर घेतली. मी भरल्या पाट्या घेऊन परत आले. वांगी फिलोमावशीने घेतली, पालीत घरोघर वाटली. “माझंच बोंबील, वांगी होऊन परत आलं बग,” म्हणून हसत सुटली. तिने त्याच वांग्यांत बोंबील घालून कालवण केलं आणि वाटीभर आम्हाला पाठवलं. चव काय सांगू. पण पालीने कितीशी वांगी खावीत? सफारीवाला त्या रविवारी जागा मोजायची टेप घेऊन आला होता.

मग एका दुपारी हंसाबेन एकट्याच आल्या, रिक्षा थांबवून ठेवून. बसल्या नाहीत. आबा मांडवाची काठी बांधत होते, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“दादाजी, मच्छी डाले बगैर उगाओगे?”

“शेणावर काय येतं? गवत,” आबा काठीकडे तोंड करून म्हणाले.

मी त्याचं हिंदी करून सांगायला लागले, तशा त्या हसल्या. “समझती हूँ. गवत तो गवत, उगाओ.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सब मेरे को बोलते हैं, कैसे मालूम पड़ेगा मच्छी डाली कि नहीं? मैंने बोला, जो आदमी अपना धंदा डुबाके सच बोल दिया, वो नहीं डाली बोलेगा, तो नहीं डाली.”

आबांची काठी बांधून झाली होती, तरी ते सुतळी गुंडाळत राहिले.

गोठ्यामागे एक तुकडा पडीक होता. पूर्वी तिथे म्हशी बांधायचे, तिथे कधी मासळीचं खत गेलं नव्हतं. आबांनी तो खणायला घेतला. शेण, राख, पालापाचोळा, शेंगदाण्याची पेंड. मला वाटलं, एवढ्याने भागेल. पण आबा स्वतः सोमवारी म्हावऱ्याला शिवत नसत, श्रावणात तर अंड्याचं नाव काढलेलं चालत नसे. त्यामुळे पाळणं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी नवी कुदळ आणली आणि तिला लाल चिंधी बांधली. नवी पाटी आणली. विहिरीपासून तिथपर्यंत वेगळा पाट काढला, कारण जुना पाट वांग्यांच्या अंगावरून जायचा. त्या तुकड्यात शिरायच्या आधी हातपाय धुवायचे. विलास एकदा तसाच शिरला तर ढेकूळ फेकून मारलं.

“पालायचं तर पालायचं,” आबा म्हणाले. “अर्धं न्हाय.”

मी त्यांच्याकडे बघायचे आणि मनातल्या मनात हिशेब करायचे, होळी किती लांब आहे. पालक लवकर येतो, मेथी त्याहून लवकर. पण आबा ज्या पद्धतीने पाणी द्यायचे, तांब्याने, एकेका ओळीला, ते बघून कुणालाही वाटलं असतं, घरात आजारी माणूस आहे. बुजगावणंही उभं केलं, त्याला विलासचा कारखान्याचा शर्ट. पहिल्यांदा पानं फुटली तेव्हा फिकट होती. आबांना ते सहन होईना. दिवसातून दहा वेळा जाऊन बघायचे आणि येऊन सांगायचे, “उपाशी हाय बिचारी.” पण हळूहळू पालक रुंद झाला, हिरवा झाला. पहिल्या पाटीचा दिवस ठरला. हंसाबेनने सोसायटीत सांगून ठेवलं होतं.

त्या सकाळी मी टेम्पो बोलावून गोठ्यामागे गेले, तर आबा पालकाच्या वाफ्यासमोर उकिडवे बसले होते. पाटी रिकामी. वाफ्याच्या मधोमध, ओल्या मातीत, एक बोंबील पडलेला. भिजून फुगलेला. बुजगावण्याच्या खांद्यावर, विलासच्या शर्टावर, कावळा बसला होता.

मी म्हटलं, “उचला आणि टाका आबा.”

“कवा टाकलाय कोन जाने. काल सांजचा असंल. फुगलाय बग.”

“एक बोंबील आबा. तोही कावळ्याचा.”

“बोंबील बोंबीलच. कावल्याचा काय, बोटीवरचा काय.”

विलास कामावर निघाला होता, तोही आला. त्याने सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. दोन पानं सोडून बाकीचा कापा, कुणाला कळणार आहे?

“मला कलनार,” आबा म्हणाले. “ती येऊन विचारील, दादाजी, डाला क्या? मग?”

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी मेथी आणि माठ पाटीत भरला आणि निघाले. पालक, जो सगळ्यात जास्त होता आणि सगळ्यात चांगला होता, तो तिथेच राहिला. रस्ताभर मी चिडलेली होते. मला रडूबिडू येत नाही, चीड येते. फाटकाशी बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या, विहिरीवर चुळा भरलेल्याही त्यांत होत्या.

“पालक?” हंसाबेनने विचारलं.

“पालक नहीं है.”

“क्यों? नहीं उगा?”

दुसरं काही सुचेना. “उगा. कौवे ने उसमें बोंबील गिराया. आबा बोले, वो वाफा तुम्हारा नहीं.”

मी पाटीवरचं ओलं फडकं काढलं, परत घातलं. मग हंसाबेन हसायला लागल्या. त्यांना उभं राहवेना, त्या वॉचमनच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. डोळे पुसत दुसऱ्या बायकांकडे वळून म्हणाल्या, “सुना ना? अब पूछो, कैसे मालूम पड़ेगा!” मेथी उतरवायच्या आतच संपली. चुळा भरलेली बाई म्हणाली, पुढच्या वेळी माझ्यासाठी दोन जुड्या बाजूला ठेव.

त्या दिवसापासून इंद्रलोकमध्ये आमच्या भाजीला ‘कौवेवाली भाजी’ म्हणायला लागले. ऑर्गॅनिक हा शब्द माझ्यासमोर तरी पुन्हा कुणी काढला नाही.

तो पालक फिलोमावशी घेऊन गेली. “बोंबील एक माझा, पालक अख्खा माझा. कावला रोज पाठवते,” म्हणाली. होळीच्या आधी आबांनी गोठ्यामागचा तुकडा पडीकातूनच रस्त्यापर्यंत वाढवला, आणि सफारीवाला आला तेव्हा विलासच बाहेर जाऊन म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू.” हे वाक्य तो अजून म्हणतोय. सफारीवाल्याचा मुलगा येतो आता.

आबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. फिलोमावशीची वलांडी आता तिची सून बघते, आणि पोतं आलं की मीही चिमूटभर चुरा जिभेवर ठेवते. त्याने काय होतं माहीत नाही, पण ठेवते. वांगी पूर्वीइतकीच काळी होतात. गोठ्यामागे शेण, राख, पेंड. पालकाला पाणी पंपानेच देते, तांब्याने द्यायला मला वेळ नाही, पण पाट अजून वेगळा आहे. हंसाबेनचे गुडघे गेलेत, त्या फाटकापर्यंत येत नाहीत. त्यांची भाजी वर पोचवावी लागते आणि जिना चढताना मी त्यांना शिव्या घालते. सोसायटीत नवीन भाडेकरू आलेत, त्यांतले निम्मे मासे खातात. कशात काय घातलंय हे आता कुणी विचारत नाही.

परवा सकाळी पंप सुरू केला, बोंबलाचा वास आलाच होता. गोठ्यामागे वळले तर बुजगावण्यावर कावळा. चोचीत काहीतरी होतं. काडी असेल, चिंधी असेल. मी चप्पल काढून त्याच्या दिशेने भिरकावली आणि या वयात शोभणार नाही असं ओरडले. तो उडाला. चोच रिकामी होती.

मी हातपाय धुऊन वाफ्यात शिरले आणि ओळीओळीने पानं बाजूला करून बघितलं. काही सापडलं नाही. पुन्हा बघितलं. मग पाटीत मेथी भरली, माठ भरला, आणि इंद्रलोकला गेले. तिसऱ्या मजल्यावर हंसाबेनने दार उघडलं, पाटीत डोकावलं.

“पालक नहीं?”

“नहीं.”

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. “कौवा?”

“कौवा,” मी म्हटलं.